आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. जर्मनीत शिकणाऱ्या नातीला आत्ताच सांगावं की परीक्षा संपेपर्यंत थांबावं?

जॉबर_आबा (सोलापूर)

नमस्कार. आधी प्रश्न लिहितो, बाकीचं मग.

आमच्या हिच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलायची ठरलीय. तारीख गड्ड्यानंतरची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेनंतरची घेतली, कारण भोगीला जत्रेतल्या अक्षता पाहिल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढणार नाही, असं तिनं डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. नात जर्मनीत शिकते. तिचे पेपर जानेवारीच्या शेवटाला सुरू होतात ते फेब्रुवारीपर्यंत. सूनबाई म्हणते, पेपर होईपर्यंत पोरीच्या कानावर काही घालायचं नाही. मुलगाही तेच म्हणतो. मला वाटतं सांगावं. ज्यांची मुलं-नातवंडं बाहेर आहेत त्यांनी अशा वेळी काय केलं, ते कृपया लिहा.

आता थोडं मागचं. मी मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम होतो. मिल बंद पडल्यावर अक्कलकोट रोडला दुसऱ्याच्या कारखान्यात माग सांभाळले, पुढं घराशेजारी पत्र्याची शेड घालून स्वतःचे चार माग टाकले. चादरीचे, जेकार्डवाले, म्हणजे भोकांच्या पत्त्यांवरून नक्षी विणणारे. नात त्या खडखडाटातच मोठी झाली. शाळेतून आली की दप्तर टाकून शेडमध्ये. ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची तार तुटली की मी माग थांबवायचो आणि तिला हाक मारायचो. माझी बोटं जाड, तिची बारीक. तुटलेलं टोक शोधायचं, त्याला सुताचा तुकडा जोडायचा, मागावरच्या तारेच्या डोळ्यातून ओवायचा, फणीतून काढून घ्यायचा. गाठ अशी बारीक पाहिजे की फणीत अडकायला नको आणि चादरीवर हाताला लागायला नको. पाचवी-सहावीत असताना तिची गाठ माझ्यापेक्षा चांगली बसायची. मग ती वरच्या जेकार्डकडं बघत बसायची. पत्ते फिरतात आणि खाली फूल कसं उमटतं, हे विचारून विचारून मला भंडावून सोडायची. मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. त्याच्या पुढचं शिकायला ती इचलकरंजीला गेली, टेक्स्टाइलची डिग्री केली, आणि आता म्योन्शनग्लाडबाखला मास्टर्स करतेय. हॉखशूले नीडरऱ्हाइन म्हणून कॉलेज आहे, त्याचा कापडाचा विभाग त्या गावात आहे. गावही जुनं कापड गिरण्यांचं. गिरण्या बऱ्याचशा गेल्या, पण कापडाचं शिक्षण तिथं टिकून आहे. हे तिनं सांगितलं तेव्हा ते गाव मला एकदम जवळचं वाटलं.

तिकडच्या सरकारी कॉलेजांत बहुतेक ठिकाणी शिकवायची फी घेत नाहीत, सेमिस्टरची वर्गणी तेवढी भरायची. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात अडकवून ठेवावे लागतात. त्यातले महिन्याला ९९२ तिला काढता येतात. त्यासाठी कर्ज काढलं आणि दोन माग विकले. विकल्याचं वाईट वाटलं नाही. ते माग चालवायला माझ्यानंतर कोण होतं?

पहिले काही महिने ती सगळं विचारून करायची. डाळ किती वेळ भिजवू, ह्या कागदावर सही करू का, घरमालक असं म्हणतो तर काय उत्तर देऊ. आता तसं राहिलं नाही. मध्यंतरी तिनं खोली बदलली. नवा करार जर्मन भाषेतला, तो स्वतः वाचला, सही केली, दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत जाऊन नवा पत्ता नोंदवला, आणि मग रविवारी आम्हाला फोन. रविवारी तिकडं दुकानं बंद असतात, त्यामुळं त्या दिवशी ती निवांत बोलते. बेकरीत काम धरलं तेही असंच नंतर कळलं. मी सवयीनं म्हणायला जातो, "थांब, मी बघतो." ती म्हणते, "आबा, मी बघितलंय." ऐकून छाती फुगते आणि त्या रात्री झोपही लागत नाही. दोन्ही खरं आहे.

हिचं दुःख वेगळं आहे. सून नोकरीला जायची, त्यामुळं पोर आजीच्याच अंगाखांद्यावर वाढली. आजीच्या हातची कडक भाकरी दुधात चुरून खायची, शेंगाचटणीचा गोळा वर. आता ती फोनवर सांगते की मी स्वतः चटणी कुटली, जमली. ही बाई फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते. पण विचारलं तर म्हणते, "बरं झालं जमली, उपाशी तर राहणार नाही."

माझं म्हणणं एवढंच. जी पोरगी परक्या देशात घराचा करार वाचून सही करते, तिला आजीचा गुडघा कळू द्यायचा नाही, म्हणजे ती मोठी झाली हे आपण नुसतं तोंडानं म्हणतोय. सूनबाईचं म्हणणं मी टाकून देत नाही. ती आई आहे. ती मला म्हणाली, "आबा, तिकडं ती एकटी रडली तर पाठीवर हात ठेवायला कोण आहे?" ह्याला माझ्याकडं उत्तर नाही, म्हणून इथं विचारतोय.

---

बार्शीची_लेक

आबा, मी ड्रेस्डेनला शिकते, म्हणून तुमच्या नातीच्या बाजूनं लिहिते. कृपा करून सांगा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको, आत्ताच सांगा.

माझी आजी गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात होती. घरच्यांनी ठरवून लपवलं. मला कळलं ते मामेबहिणीच्या स्टेटसवरून. फोटोत मागं सलाईनचा स्टँड दिसत होता. आजी बरी होऊन घरी आली, पण तेव्हापासून आई "सगळं ठीक आहे" म्हणाली की माझा विश्वास बसत नाही. मी व्हिडिओ कॉल लावून आजीला उठून चालून दाखवायला लावते. आईला राग येतो. पण मी काय करू? अजूनही घरून अवेळी फोन आला की हात कापतो. त्या सेमिस्टरला जेवढा अभ्यास बुडाला तेवढा खरं सांगितलं असतं तर बुडाला नसता.

परीक्षेचं म्हणाल, तर इकडे बऱ्याच ठिकाणी ठरावीक तारखेच्या आत पेपरमधून नाव काढून घेता येतं आणि तो पेपर पुढच्या फेरीत देता येतो. प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे, ते तिला माहीत असतील. आत्ता सांगितलंत तर ती रस्ता मोकळा असताना ठरवू शकेल. ऐनवेळी कळलं तर तोही रस्ता बंद.

आणि तिच्या आई म्हणतात ते रडण्याचं. हो, रडेल. माझ्या फ्लॅटमध्ये एक केरळची मुलगी आहे, एक इराणची. त्या रात्री त्या दोघी माझ्याजवळ बसून होत्या. तुमच्या नातीचंही तिकडे कुणीतरी असेलच, ते आपल्याला घरी बसून दिसत नाही एवढंच.

---

सुनंदा_जुळे_सोलापूर

माझं मत वेगळं आहे. राग मानू नका.

माझा मुलगा कॅनडात. त्याच्या वडिलांना छातीत दुखायला लागलं, अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा त्याला लगेच सांगितलं. तो पुढच्याच विमानानं निघाला. तिकिटाला किती पैसे गेले ते जाऊ द्या. इथं पोचला तोवर हे घरी येऊन वरणभात खात होते. तिकडची नोकरी नवी होती, रजा उरली नव्हती, परत गेल्यावर त्याला खूप त्रास झाला. तो माझ्यापाशी कधी बोलला नाही, पण आईला कळतंच.

म्हणून तुमच्या सूनबाईंची तगमग मला समजते. त्या मुलीवर अविश्वास दाखवत नाहीयेत. मुलगी वाचवतायत. गुडघ्याचं ऑपरेशन ठरवून होणारं आहे, जिवावरचं नाही. पेपर झाल्यावर आजी काठी घेऊन चालताना दिसली तर पोरीला आनंदच होईल. तुम्ही सांगायचं ठरवलंत तरी घरात आधी एकमत करा. आबांनी परस्पर सांगितलं आणि सुनेला मागाहून कळलं, असं होऊ देऊ नका.

---

निवृत्त_मास्तर_मुरारजी_पेठ

सुनंदाताईंचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर.

बाकी मी आबांच्या बाजूनं. आपल्या गावातून लांब गेलेल्यांत सगळ्यांत मोठं नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, ते १९४२ साली तिकडंच वारले. चीनमध्ये असतानाच त्यांना वडील गेल्याचं कळलं. तरी ते माघारी आले नाहीत, पुढं आघाडीवर गेले. वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवेळी जड व्हायचा. बातमी घरच्यांनी कळवायची, पुढं काय करायचं ते त्यांनी ठरवलं. तुमच्या घरचा प्रसंग त्या मानानं फार हलका आहे, पण नातीला तोच मान द्या असं मी म्हणेन.

---

फिजिओ_विजापूर_रोड

सांगायचं की नाही ह्यात मी पडत नाही, पण सांगणार असाल तर काय सांगायचं ते लिहितो. अर्धवट माहितीनं माणूस जास्त घाबरतो.

ऑपरेशननंतर बहुतेक पेशंटना दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभं करतात. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. पहिले सहा आठवडे व्यायामाचे. गुडघा पूर्ण सरळ करणं आणि वाकवणं, दोन्ही रोज. दुखतं म्हणून आजी टाळाटाळ करतील आणि खरी लढाई तिथंच आहे. ऑपरेशन चांगलं होऊनही व्यायामाअभावी गुडघा आखडलेले पेशंट मी बघतो. साखर असेल तर ती आधी आटोक्यात आणा. गड्ड्यात तासन्‌तास उभं राहू देऊ नका, सोबत घडीची खुर्ची न्या.

नातीला काहीतरी काम द्या. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओवर आजीचे व्यायाम मोजायचं काम दिलंत तर आजी घरच्यांचं ऐकणार नाहीत, पण तिचं ऐकतील. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. आपल्या संध्याकाळी सहाला तिकडे दीड वाजलेला असतो, म्हणजे जेवणाची सुट्टी.

---

जॉबर_आबा (सोलापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. बार्शीच्या लेकीचं सगळं लिहिणं मी सूनबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं. सलाईनच्या स्टँडपाशी आलो तशी ती म्हणाली, "आबा, पुरे. रविवारी सांगू. पण मी सांगणार." मला तेच पाहिजे होतं.

रविवारी चौघं फोनसमोर बसलो. सूनबाईनं सांगितलं. पोरगी आधी गप्प, मग रडली, मग आजीवर चिडली की दुखतंय हे एवढे दिवस मला का बोलली नाहीस. आजी म्हणाली, "तुझा अभ्यास होता." त्यावर दोघीही रडल्या. मग पोरीनं नाक पुसून वही घेतली आणि विचारायला लागली. डॉक्टर कोण, साखरेचा रिपोर्ट कधीचा, रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी बंद करायच्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडंच नव्हतं, ते सोमवारी डॉक्टरांना विचारून तिला कळवलं.

येते म्हणाली नाही. म्हणाली, "पेपर देणार आहे. मार्चमध्ये सुट्टीत येते, तोपर्यंत आजीनं जिना चढून दाखवायचा." हे तिनं एकटीनं, आमच्यासमोर, दोन मिनिटांत ठरवलं. आम्ही तिघं महिनाभर घरात ह्याच गोष्टीवर धुसफुसत होतो.

व्यायाम मोजायचं काम तिनं घेतलंय. दीडची वेळ तिला चालते, बेकरीचं काम असेल त्या दिवशी रात्री. आजीनं अट घातलीय की पोर मार्चमध्ये आली की परत जाताना साजूक तुपाचा डबा नेणार. पोरगी म्हणाली, दूध-तुपाचं काही तिकडच्या विमानतळावर चालत नाही, काढून घेतात. मग शेंगाचटणीवर तडजोड झाली.

फिजिओसाहेब, अजून एक विचारतो. वॉकर विकत घ्यावा की भाड्यानं मिळतो? आणि आमचा संडास भारतीय पद्धतीचा आहे, त्याचं काय करावं?

---

फिजिओ_विजापूर_रोड

वॉकर भाड्यानं घ्या, थोड्याच आठवड्यांचं काम आहे. घेताना आजींना सोबत नेऊन उंची लावून घ्या. हात सरळ सोडल्यावर मुठी मनगटाच्या रेषेत आल्या पाहिजेत.

नव्या गुडघ्यानं उकिडवं बसायचं नाही, हे आत्तापासून सांगायला लागा. भारतीय संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, तीही भाड्यानं देतात. पाय रबरी आहेत का बघा आणि शेजारच्या भिंतीला धरायला पाइप बसवून घ्या. पाइप ऑपरेशनच्या आधी बसवा, नंतर घरात गडबड असते.

---

बार्शीची_लेक

आबा, मार्चमध्ये ती आली की चटणीची पाकिटं कपड्यांच्या मधोमध ठेवायला सांगा, आणि दोन पदरी पिशवीत. माझ्या सगळ्या स्वेटरना तेल लागलं होतं.