१९५१ च्या शेवरोले ट्रकचं ऑइल प्रेशर १४ च्या वर जात नाही

गुळाचीगाडी_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. आजोबांचा १९५१ चा शेवरोले ट्रक पुन्हा सुरू केलाय. एके काळी गुळाच्या ढेपा वाहायचा. इंजिन मूळचंच, २१६ घनइंची, सहा सिलिंडर, पेट्रोल. अडचण एकच : ऑइल प्रेशरचा काटा (पौंडात) उभ्या गाडीत ५ वर, चालताना फार तर १४ वर. एक गॅरेजवाले म्हणतात, पंप गेलाय, ४० तरी हवं, इंजिन उतरवा. आवाज नाही, धूर नाही. काय करू?

जुना_फिटर:
इंजिन उतरवू नका! मीटर नीट बघा, आकडे ३० पर्यंतच आहेत ना? या इंजिनाला १४ म्हणजे ठणठणीत तब्येत.

२१६ मध्ये प्रेशरचं तेल क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मेन बेअरिंगना आणि कॅमला (झडपा उघडणाऱ्या दांड्याला) जातं, रॉडला (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याला) जात नाही. प्रत्येक रॉडच्या टोपीखाली छोटी पळी असते. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, तिच्याखाली पन्हळ असतं, पंप ते भरत राहतो आणि पळी त्यातून तेल उचलून बेअरिंगला देते. वेग वाढला की चेंबरमधल्या बारीक नळ्यांतून तेलाची धार थेट पळीवर बसते. म्हणून एक गोष्ट जिवापाड जपा : चेंबरखाली जॅक लावू नका. पत्रा दबला की धारेचा नेम चुकतो, काटा १४ च दाखवतो आणि रॉड कोरडा पडतो.

गॅरेजवाल्यांनी शेवरोलेची नंतरची २३५ घनइंची इंजिनं पाहिली असतील. १९५४ पासून त्या सगळ्यांत रॉडलाही प्रेशरनं तेल आलं.

दोनबेअरिंग:
काका, रॉडला शेल बेअरिंग (बदलता येणाऱ्या तयार वाट्या) बसवून घेतली तर?

जुना_फिटर:
कशाला? रॉडमध्येच ओतलेलं व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ धातू) आहे, टोपीत शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) आहेत. खेळ वाढला तर शिम काढायची, रॉड बाजूला हातानं सरकला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये. या रचनेमुळे गाडी रस्त्याच्या कडेला घेऊनही दुरुस्त करता येते. शेवरोलेचे सहा सिलिंडर १९२९ च्या मॉडेलपासूनचे, आणि शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ चा. ही इंजिनं आपल्याकडच्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहेत. ते कसब जाऊ देऊ नका.

गुळाचीगाडी_कोल्हापूर:
काटा ३० पर्यंतचाच आहे! मग आता नेमकं काय करू?

जुना_फिटर:
आधी चेंबर उतरवा. इतकी वर्षं बसलेल्या गाडीत तळाशी गाळ असणारच. तो न काढता आजचं डिटर्जंट ऑइल घातलंत तर सुटलेला गाळ त्याच नळ्यांत अडकेल. पन्हळी, नळ्या, पंपाची जाळी रॉकेलनं धुवा. वरचं झाकण उघडून सगळ्या रॉकरवर (झडपा दाबणाऱ्या पट्ट्यांवर) तेल पोचतंय का बघा, ती वाट बऱ्याचदा तुंबते. पुढे ठकठक ऐकू आली तर इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून बघा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज कमी होईल, त्याचाच रॉड ढिला. हायवेला पन्नास-पंचावन्नच्या वर नेऊ नका.

चेंबर उतरवलंत की नळ्यांचे फोटो टाका, नेम मी बघतो.