नववीच्या वर्गात पॅनलवर फोटोग्राफी शिकवायची आहे, १५ हजारांत काय घेऊ?

रंगपेटी
नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. यंदा नववीच्या ३४ मुलांसाठी दर शनिवारी ३५ मिनिटांचे दोन जोडतास फोटोग्राफीला मिळालेत. वर्गात ७५ इंची टच पॅनल आहे, विंडोज १० चा लॅपटॉप आहे, नेट बेभरवशाचं. माझा एक जुना अँड्रॉइड फोन वापरता येईल. मुलांना शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे आणि ती उठणार नाही. हातात १५,००० रुपये आहेत, वर एक रुपयाही मिळणार नाही. शटर (उजेड किती वेळ आत येतो), अ‍ॅपर्चर (भिंगाचं भोक किती मोठं) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) या तीन गोष्टी मुलांनी स्वतःच्या हातांनी बदलून बघाव्यात एवढीच इच्छा. काय घेऊ?

भिंगवाला
सरळ डीएसएलआर घ्या ताई. कॅनन १५००डी, १८-५५ भिंगासकट. नवा चाळीस हजारांच्या आसपास पडेल, पण पुढची कित्येक वर्षं बघायला नको. मिनी एचडीएमआय केबलने पॅनलला जोडा आणि लाइव्ह व्ह्यू (भिंगातलं दृश्य थेट पडद्यावर) लावा, की तिन्ही आकडे शेवटच्या बाकापर्यंत दिसतात. केबल मिनी मागा, मायक्रो नाही; दुकानात दोन्ही एकाच खोक्यात पडलेल्या असतात आणि घरी आल्यावर खाचेत बसत नाहीत. मेनूत 'ऑटो पॉवर ऑफ' बंद करा, नाहीतर बोलता बोलता पॅनल काळा होतो. लाइव्ह व्ह्यूला बॅटरी भराभर उतरते, एलपी-ई१० ची दुसरी जवळ असू द्या.

सावली७
ताईंनी १५ म्हटलंय. त्यात सेकंड-हँड बॉडी (नुसता कॅमेरा) आणि किट लेन्स (सोबतचं साधं भिंग) मिळू शकते. घेण्याआधी लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, घेऊ नका. आणल्यावर डाळीच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. पावसाळ्यात शाळेच्या लाकडी कपाटात ठेवलेल्या भिंगाला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

तारायंत्र
काहीही विकत घेऊ नका. फोन केबलने लॅपटॉपला आणि लॅपटॉप पॅनलला जोडा. 'एससीआरसीपीवाय' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, उच्चार स्क्रीन-कॉपी. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग सुरू करा, केबल लावा, फोनवर येणाऱ्या प्रश्नाला 'अलाऊ' म्हणा. नेट लागत नाही. लॅपटॉपला फोन दिसलाच नाही तर दहातल्या आठ वेळा केबल फक्त चार्जिंगची असते, डेटाच्या तारा तिच्यात नसतात. कॅमेऱ्यासाठी 'ओपन कॅमेरा' अ‍ॅप टाका आणि सेटिंगमध्ये कॅमेरा एपीआय 'कॅमेरा२' करा. ते केल्याशिवाय शटरचा आकडा हाती येत नाही, आणि काही स्वस्त फोनांत केल्यावरही येत नाही. वाय-फायवरून स्क्रीन दाखवायच्या नादी लागू नका. चित्र उशिरा येतं, मुलांना वाटतं बटण दाबूनही काही झालं नाही.

भिंगवाला
फोनचं अ‍ॅपर्चर बदलतच नाही. बहुतेक फोनांत ते कायमचं ठरलेलं असतं. तीनपैकी एक गोष्ट शिकवायचीच राहिली की! पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी हिशोबाने काढलेली असते, केसांच्या कडेला बघा. खरी धूसर पार्श्वभूमी हवी तर मोठा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) हवा.

निगेटिव्ह
मोठाच हवा तर फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर. १५००डीचा सेन्सर एपीएस-सी, त्याहून लहान, क्रॉप १.६ पट, म्हणजे १८ मिमीचं भिंग तिथे जवळपास २९ मिमीसारखं दिसतं. मुलांना पहिल्या दिवसापासून रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढायला लावा.

सावली७
नववीच्या मुलांना रॉ कशाला? एकेक फाइल २०-२५ एमबीची, ३४ मुलांच्या फाइली उघडेपर्यंत तास संपेल. जेपेगच बरं.

पंखेवाले_सर
वस्तू कोणतीही घ्या, आधी पाठ ठरवा. शटर शिकवायला वर्गातला पंखा पुरतो. रेग्युलेटर कमी करा आणि एका पात्याला पांढरी चिकटपट्टी लावून १० सेकंदांत किती फेऱ्या होतात ते मुलांना मोजायला लावा. समजा ५० झाल्या, म्हणजे सेकंदाला ५. मग १/५०० सेकंदात पातं फक्त ३.६ अंश सरकतं, १/५० मध्ये ३६ अंश आणि १/१५ मध्ये १२० अंश. तीन पात्यांच्या पंख्यात दोन पात्यांमधलं अंतर १२० अंशांचंच, म्हणून १/१५ ला पाती एकमेकांत मिसळून अख्खी तबकडी दिसते. आधी फळ्यावर गणित, मग फोटो, मग तिन्ही फोटो पॅनलवर शेजारी शेजारी. फोटो बघून मुलंच शटर ओळखतात.

दोन अडचणी येतात. फोनचा सेन्सर एकेक ओळ वाचत जातो, त्यामुळे वेगात फिरणारी पाती वाकडी येतात. मुलं विचारणारच, उत्तर तयार ठेवा. दुसरी ट्यूबलाइटची. आपली वीज ५० हर्ट्झची, जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. शटर १/१०० पेक्षा वेगवान केलं की फोटोत आडवे पट्टे येतात. ट्यूब बंद करा, खिडकीचा उजेड घ्या. तेवढ्या उजेडात एफ/१.८ च्या (एफचा आकडा लहान, तेवढं भोक मोठं) फोनला १/५०० साठी आयएसओ १६०० च्या आसपास लागेल. दाणे दिसतील, तोच आयएसओचा धडा.

गावकुस
व्हिज्युअलायझर घ्या. टेबलावरच्या वस्तू, छापील फोटो, सगळं पॅनलवर दिसतं. आमच्याकडे रोज वापरतात.

तारायंत्र
तो वाकत्या मानेवर बसवलेला वेबकॅमच असतो. बहुतेकांना शटर हाताने बदलता येत नाही.

निगेटिव्ह
एक कुणी सांगितलं नाही. पॅनलचा पिक्चर मोड 'व्हिव्हिड' असेल तर 'स्टँडर्ड' करा आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा. नाहीतर अंडर (काळपट) आलेला फोटोही पॅनलवर झकास दिसतो आणि मुलाला आपली चूक कळत नाही. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) शेजारी उघडा ठेवा.

अंधारखोली
ताई, पहिल्या तासाला काहीच विकत घेऊ नका. वर्गाच्या खिडक्या काळ्या कागदाने बंद करा, एका कागदाला सुमारे १ सेंटिमीटरचं भोक पाडा. बाहेर कडक ऊन हवं. डोळे सरावायला दहा मिनिटं द्या, समोरच्या भिंतीवर मैदान उलटं दिसतं. भोक अर्धं झाका, चित्र रेखीव होतं पण अंधारतं. अ‍ॅपर्चर मुलांना तिथेच कळतं. आणि आपल्याकडे हे शिकवणं नवं नाही, मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता.

गावकुस
फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका. फाइल दाबून लहान केली जाते, एक्झिफ (फोटोसोबतची शटर वगैरेची नोंद) उडतं, मग शटर किती होतं ते बघता येत नाही. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून.

सावली७
मुलांना सांगा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

रंगपेटी
सगळ्यांचे आभार. पण मुलांकडे फोन नसणार हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं. एक डीएसएलआर घेतला तर एक मूल फोटो काढणार आणि ३३ बघत बसणार. फोन एकच, तिथेही तेच.

म्हणून जुने कॉम्पॅक्ट कॅमेरे घेतेय. कॅनन पॉवरशॉट ए५७० आणि ए५९०, एकूण पाच, ११,५०० मध्ये ठरले. दोन्हींत एम मोड (सगळे आकडे हाताने ठरवायचा) आहे, अ‍ॅपर्चर एफ/२.६ पासून एफ/८ पर्यंत जातं, दोन साध्या एए सेलवर चालतात. उरलेल्यात रिचार्जेबल सेल, चार्जर, पाच कार्डं आणि कार्ड रीडर. अंधाऱ्या खोलीचा तास नक्की घेणार.

भिंगवाला
पंधराहून जास्त वर्षांपूर्वीच्या ७-८ मेगापिक्सेलच्या डब्यांवर पैसे घालवताय. हल्ली कॉलेजच्या पोरांत त्यांची फॅशन आली म्हणून भाव चढलेत. माझं मत डीएसएलआरच.

पंखेवाले_सर
ताई, पाच कॅमेरे म्हणजे गटात सात मुलं, चांगलं जमेल. ७-८ मेगापिक्सेल पॅनलला पुरेसे आहेत. ४के पॅनलसुद्धा ८.३ मेगापिक्सेलचाच असतो.

कार्डं ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी घ्या, ६४ ची एक्ससी चालणार नाहीत. सेल निकेल-मेटल-हायड्राइडचे, २००० एमएएचच्या पुढचे. साधे अल्कलाइन लवकर मान टाकतात. कॅमेऱ्यावर आणि कार्डावर रंगीत टिकल्या लावा, नाहीतर कुणाचा फोटो कुणाचा ते शोधण्यात वेळ जातो. या कॅमेऱ्यांना पिवळ्या पिनेची एव्ही केबल लागते, ती पॅनलच्या एव्ही इनला लावली की कॅमेऱ्याचा पडदा जसाच्या तसा दिसतो. चित्र काळंपांढरं किंवा लोळतं आलं तर मेनूत व्हिडिओ सिस्टिम पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) करा. एव्ही इन नसेल तर एव्ही-टू-एचडीएमआयची डबी मिळते.

आणि पंख्याऐवजी सायकल घ्या. एफ/२.६ ला वर्गातल्या उजेडात १/५०० साठी आयएसओ १६०० ही कमी पडेल. सायकल व्हरांड्याच्या सावलीत उलटी ठेवा, टायरवर खडूची एक खूण करा, पेडल मारा. झूम पूर्ण मागे. पहिला फोटो १/१५, एफ/८, आयएसओ १००. दुसरा १/५००, एफ/२.६, आयएसओ ४००. फोटोंचा उजळपणा जवळपास सारखा, पण पहिल्यात खडूची रेघ पसरलेली, दुसऱ्यात खूण जागच्या जागी. दोन्ही काळपट आले तर सायकल अंगणाकडे दोन हात सरकवा, आकडे तेच ठेवा.