मदत हवी आहे: ॲमस्टरडॅमच्या चिन्हातले तीन क्रॉस नक्की कुठून आले?

मंडळी, ॲमस्टरडॅम शहराच्या चिन्हावर एक लेख लिहायला घेतलाय आणि एका जागी गाडी अडलीये. लाल ढाल, मधे काळा उभा पट्टा आणि त्यावर एकाखाली एक तीन पांढरे तिरपे क्रॉस, तिथल्या फुटपाथच्या कडेच्या लालसर-तपकिरी लोखंडी खांबांवरही हेच तीन क्रॉस असतात.

वरच्या मुकुटाचं कळलं, 1489 मधे हॅब्सबर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियन राजाने शहराने केलेल्या मदतीबद्दल तो वापरायचा मान दिला. खालचं ब्रीदवाक्य, वीर, ठाम, दयाळू, हे 1947 मधे राणी विल्हेल्मिनाने दिलं, ज्यूंच्या छळाविरुद्ध 1941 च्या फेब्रुवारीत तिथल्या कामगारांनी जो संप केला त्याच्या आठवणीसाठी, आणि हे वाचताना मला खरंच भरून आलं.

पण क्रॉसचं काय? तीन क्रॉस म्हणजे शहरावरची तीन संकटं, आग, पूर आणि प्लेग, ही गोष्ट सगळीकडे सांगतात, मला ती नंतर जोडलेली वाटते, कारण शेजारच्या औडर-ॲमस्टेलच्या चिन्हातही असेच क्रॉस आहेत. पर्सेन या सरदार घराण्याशी संबंध लावतात तो जास्त पटतो. कुणी जुन्या शिक्क्यांवरचं काही वाचलंय का? डच येणारं कुणी असेल तर प्लीज सांगा, आणि ढालीवरच्या अशा उभ्या पट्ट्याला मराठीत नेमका शब्द आहे का तेही.