गावाची लोकसंख्या आणि गाडीची सोय, खरे आकडे कुठून मिळवायचे? (शहापूर तालुका)

घणसोलीकर८५
नमस्कार मंडळी, मी राहतो घणसोलीत पण गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे. शाळेच्या वेळेला गाडी आतपर्यंत यावी म्हणून अर्ज करायचाय आणि त्याला गावाची माहिती जोडायचीय, माणसं किती, घरं किती, गाडी कुठपर्यंत येते वगैरे. मागच्या महिन्यात एका ऑफिसात गेलो तर तिथल्या साहेबांनी जनगणनेचा कागद काढला, यात तुमच्या गावात बस आहे असं लिहिलंय म्हणाले, झालं. गाडी येते फाट्यापर्यंत. तिथून आमचा शेवटचा पाडा अडीच किमी, मधे ओहोळ. पुतणी आठवीला आहे, पावसाळ्यात दप्तरात प्लास्टिकची पिशवी, त्यात वह्या आणि चपला हातात, अशी जाते पोरगी. हे कागदावर कसं आणायचं?

आसनगाव_लोकल
दादा, तो कागद २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका असणार. ऑनलाइन मिळते, ठाणे नावानेच शोधा, पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला त्यामुळे जव्हार मोखाडा पण त्यातच दिसेल. एका भागात घरं, पुरुष-बायका, ० ते ६ वयाची मुलं, आदिवासी किती, काम करणारे किती. दुसऱ्या भागात सोयी, म्हणजे पाणी, शाळा, दवाखाना, बस, रेल्वे. सोय नसेल तर ती किती लांब आहे ते अक्षरात देतात, ५ किमीच्या आत ए, ५ ते १० बी, त्याच्या पुढे सी. पण हे सगळं महसुली गावाचं असतं हो, पाडे वेगळे धरतच नाहीत. तुमच्या फाट्यावर गाडी थांबते ना, मग सगळ्याच पाड्यांना बस "आहे". अर्जात पाडानिहाय अंतर लिहा, नकाशा हाताने काढला तरी चालेल.

कळव्याच्या_बाई
मी डोळखांबकडे १९ वर्षं शाळेवर होते म्हणून सांगते, लोकसंख्येच्या आकड्यावरही जाऊ नका. गणती झाली ९ ते २८ फेब्रुवारी २०११ ला. तेव्हा कातकरी वाडीत असतं कोण? दिवाळी झाली की घरंच्या घरं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जातात, पोरं, कोंबड्या, भांडी सगळं घेऊन, आणि पावसाच्या तोंडाला परत. गणतीचे सगळे दिवस जो घरी नाही तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो, भट्टीवर कोणी गेलंच नाही तर राहूनच गेला. जूनमध्ये माझा वर्ग भरलेला असायचा, डिसेंबरला दारातल्या चपला मोजल्या तरी कळायचं किती घरं गेली. पुढची गणती पण फेब्रुवारी २०२७ लाच आहे, म्हणजे परत भट्टीचेच दिवस. तुम्ही अंगणवाडीताईंना विचारा, त्यांच्याकडे कुटुंबवार रजिस्टर असतं, आणि शाळेचा जून-जुलैचा पट घ्या. अर्जाला खरा आधार तो.

खर्डी_कसारा
बाईंशी सहमत. एक भर घालतो, शहापूर पूर्ण तालुका पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा) येतो, तर ग्रामसभेचा ठराव जोडाच, नुसत्या सह्यांच्या कागदाला वजन नसतं. आणि सकाळी फाट्यावर उभं राहून आठवडाभर माणसं मोजा, बायका किती, शाळेच्या मुली किती, म्हातारी किती असं वेगवेगळं. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ च्या वरच्यांना फुकट, मुलींना १२ वी पर्यंत पास फुकट. सवलती सगळ्या आहेत पण अडीच किमी चालल्यावर. शेअर रिक्षात यातलं काहीच चालत नाही, तिथे मायलेकी दोघींचे पूर्ण पैसे जातात, तो हिशोब पण मांडा.

घणसोलीकर८५
बाई, खूप आभार, भट्टीचं आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, आमच्या वरच्या वाडीतली निम्मी घरं आत्ता बंदच आहेत. अंगणवाडीताईंशी आत्ताच फोनवर बोललो, रजिस्टर दाखवते म्हणाल्या. शनिवारी दुपारच्या कसारा लोकलने निघतो, रविवारी पाडे फिरतो. सोमवारी सकाळी सहाला वही घेऊन फाट्यावर. ओहोळाचा फोटो पण काढतो, पण आत्ता कोरडा असेल, मागच्या जुलैचा कोणाच्या तरी मोबाईलमध्ये सापडतो का बघतो.