मदत हवी आहे: वोल्बाकियाशिवाय हत्तीरोगाचा जंत वांझ का होतो?

नमस्कार मंडळी. बारावीच्या मुलांना सहजीवी जिवाणू शिकवायचे आहेत आणि एका जागी गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया हात द्यावा.

वोल्बाकिया हा जिवाणू 1924 साली क्युलेक्स डासात सापडला. डासाचं त्याच्यावाचून अडत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासामध्ये तर तो मुळात नसतोच, माणसाने घातला की डेंग्यूचा विषाणू डासात नीट वाढत नाही. हत्तीरोगाच्या जंतांचं मात्र उलट. वुचेरेरिया आणि ब्रुगियाच्या मादीत तो त्वचेखालच्या पट्ट्यांत असतो, अंडाशयात असतो, थेट अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. रुग्णाला चार ते सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक (जिवाणू मारणारं औषध) दिलं की आधी जिवाणू संपतात, मग मादी वांझ होते आणि प्रौढ जंत पुढे कित्येक महिन्यांत हळूहळू मरतात. जंताला थेट हात न लावता जंत मारायचा, ही मला फार सुंदर कल्पना वाटते.

माझी अडचण अशी: जंत नेमका कशाअभावी मरतो? ब्रुगियातल्या वोल्बाकियाचा जीनोम 2005 साली वाचला गेला, त्यात हीम (लोह असलेला, पेशींना लागणारा रेणू) आणि रायबोफ्लेविन (ब-2 जीवनसत्त्व) बनवण्याची जनुकं आहेत. मग उपासमार हेच कारण धरायचं का? तसं असेल तर त्याच कुळातला, डोळ्यात दिसणारा लोआ लोआ हा जंत वोल्बाकियाशिवाय कसा जगतो? त्याच्यावर डॉक्सिसायक्लिन चालत नाही ते यामुळेच, एवढं समजतं.

परजीवीशास्त्रातल्या कुणी बारावीला झेपेल असं समजावून सांगितलं तर फार उपकार होतील. आणि लहान मुलं व गरोदर स्त्रियांना हे औषध देत नाहीत, त्यांच्यासाठी वोल्बाकियावरच दुसरं काही शोधलं जातंय का?