‘रंगीत छायाचित्र’ म्हणावं की ‘रंगीत शिळाछाप’?

प्रश्न: विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही अमेरिकी चित्रांसाठी ओळी लिहितेय. ॲरिझोनातल्या होपी या मूळ अमेरिकी जमातीच्या वस्तीतल्या बायका मडकी करतायत. लिहिलंय: ‘चाकावर मडकं वळणारी होपी कुंभारीण. रंगीत छायाचित्र.’ चालेल?

उत्तर: आधी ‘चाकावर’ खोडा. होपींची मडकी चाकाविना होतात. तळहातांमध्ये मातीची लांब वळी करायची, चकलीसारखी वेढ्यावर वेढा चढवत न्यायची, सांधे बुजवायचे, वर गुळगुळीत दगडाने घोटायचं. रंगवायला युक्का या वाळवंटी झाडाच्या पात्याचा कुंचला, भाजायला मेंढ्यांच्या लेंड्या. ‘वळणं’ मात्र नकळत फार नेमकं पडलंय! वाती वळतो, लाडू वळतो, तसंच हे.

दुसरं उत्तर: मला ‘छायाचित्र’ खटकलं. कॅमेऱ्यातली काच, म्हणजे निगेटिव्ह, कृष्णधवल. रंग चढायचे ते छापखान्यात, एकेका रंगाला एकेक दगड, कधी दहा-पंधरासुद्धा. झुरिकमध्ये १८८०च्या दशकात निघालेली ही फोटोक्रोम पद्धत डेट्रॉइटच्या कंपनीने अमेरिकेत नेली. भिंगाखाली धरा, शाईचे बारीक ठिपके दिसतील. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, शिळाछाप. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या देवदेवताही दगडावरूनच उतरल्या, फक्त तिथे मूळ चित्र हाताने काढलेलं. त्यामुळे चित्रातलं मडकं पिवळं दिसतं म्हणून ते तसंच होतं असं लिहू नका. होपी माती भाजल्यावर पिवळसर होते खरी, पण चित्रातला पिवळा छापणाऱ्याचा.

प्रश्नकर्ती: शिळाछाप घेतला. ‘कुंभारीण’चं काय? घरात विचारलं तर एकजण म्हणाला कुंभाराची बायको, दुसरा म्हणाला भिंतीवर मातीचं घर करणारी माशी.

उत्तर: ‘कुंभारणीच्या घरातला किडा’ त्या माशीचाच! पण इथे बायको अर्थ अगदी उलटा बसतो. हानो गावची नाम्पेयो बघा. सिक्यात्की या ओसाड होपी गावातल्या जुन्या खापरांवरची नक्षी तिने पुन्हा वापरात आणली, १९०५ साली ग्रँड कॅन्यनच्या होपी हाउस या होपी वस्तूंच्या दुकानात पाहुण्यांसमोर मडकी घडवली. नवरा लेसू तिचा मदतनीस.

दुसरं उत्तर: ‘कारागीर’ करा, वाद मिटला.

प्रश्नकर्ती: नको, त्यात माती दिसत नाही. मास्तरीण शाळेत शिकवतेच ना? ‘मातीच्या वळ्यांनी मडकं वळणारी होपी कुंभारीण. रंगीत शिळाछाप, मूळ छायाचित्र कृष्णधवल.’ पाठवलं.