अनुभव धागा: रखडलेले काम अखेर हातात कसे घेतले?

चालढकल म्हणजे आळस, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. मला ते पटत नाही. दिवसभर इतर कामे मन लावून करणाऱ्यांच्याच हातून एखादे काम महिनोन्महिने बाजूला पडते. कामासोबत येणारी अस्वस्थता टाळण्यासाठी माणूस ते पुढे ढकलतो आणि या तात्पुरत्या सुटकेची किंमत त्याला नंतर मोजावी लागते, अशी मांडणी फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये केली. म्हणून या धाग्यावर उपदेशाऐवजी तपशील लिहावा, अशी विनंती आहे: काम कोणते होते, आणि ते हातात घेतले त्या दिवशी सर्वांत आधी काय केले?

सुरुवात मी करते. वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर आम्हा भावंडांची वारस नोंद करायची होती. वारसाहक्काने जमीन आल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 सांगतो, आणि ते मला ठाऊक होते. तरीही मृत्यूच्या दाखल्याची फाईल कपाटातून बाहेर येत नव्हती, कारण नोंद झाली की वडिलांच्या नावाला कंस होणार, म्हणजे ते सातबाऱ्यावरून कमी झाल्याची खूण होणार, हे मनाला सोसत नव्हते. शेवटी मावशी म्हणाली, "अगं, अर्ज राहू दे, आज नुसता दाखला काढून टेबलावर ठेव." त्या दिवशी मी तेवढेच केले, आणि दाखला हातात घेऊन बराच वेळ रडले. त्यानंतर सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा तपशील) यांचे उतारे काढणे, वारसांचे प्रतिज्ञापत्र तयार करणे ही कामे मला जड गेली नाहीत. अर्ज दिल्यावर तर कामाला स्वतःचीच गती आली: तलाठ्यांनी फेरफार, म्हणजे हक्कातील बदलाची नोंद, धरला, नोटीस निघाली, हरकतींसाठीचे 15 दिवस सरले आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. अवघड होते ते कपाट उघडणे.

संशोधक विद्यार्थी, मराठवाडा

आपला अनुभव वाचून माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण आठवले. फ्रान्चेस्को सिरिल्लो यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेली, 25 मिनिटे काम आणि 5 मिनिटे विश्रांती अशी पोमोदोरो पद्धत मी वापरून पाहिली. टिपणे काढण्यासाठी ती उत्तम ठरली, परंतु लिहायला बसलो की घड्याळाकडेच लक्ष जाई. माझी खरी अडचण अशी होती की पहिले वाक्यच परीक्षकांसमोर टिकेल असे हवे, हा हट्ट सुटत नव्हता. मार्गदर्शक बाईंनी सांगितले, "प्रकरण लिहू नका. या प्रकरणात काय सांगायचे आहे, ते मला पत्रातून कळवा." पत्र एका बैठकीत लिहून झाले, आणि त्यातली बरीच वाक्ये थोड्याफार फरकाने प्रबंधात गेली.

नोकरदार, पुणे

माझा विषय रुक्ष आहे: प्राप्तिकर विवरणपत्र. मुदत चुकली तर 5,000 रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागते, हे बहुतेकांना माहीत असते; पण शेअर विक्रीतील तोटा पुढील वर्षांत ओढून नेण्याचा हक्कही जातो, याकडे दुर्लक्ष होते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1990 च्या दशकात मांडलेली 'अमुक घडले की तमुक करायचे' ही योजना मला लागू पडली. 'या महिन्यात विवरणपत्र भरायचे' याऐवजी 'शनिवारी चहाचा कप विसळून झाला की लॅपटॉप उघडून फॉर्म 26एएस (आपल्या नावे कापलेल्या कराचा तपशील) उतरवून घ्यायचा' असे मी कागदावर लिहिले. आता दरवर्षी असेच करतो.

गृहिणी व अनुवादक, सध्या कॅनडा

सर्वांविषयी आदर राखून एक वेगळी बाजू मांडते. काम लहान करणे, वेळ ठरवणे, लिहून ठेवणे हे सारे मी वर्षानुवर्षे केले आणि तरीही हात हलत नसे. चाळिशीनंतर मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचे, म्हणजे लक्ष एकाग्र ठेवणे अवघड करणाऱ्या विकाराचे, निदान केले, तेव्हा कुठे त्याचा उलगडा झाला. ज्यांची आवडीची कामेसुद्धा अशीच अडून राहतात, त्यांनी स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा तज्ज्ञांना भेटावे, असे मी कळकळीने सांगते. उपचारांच्या जोडीला मला सोबतीचा उपयोग झाला. नाशिकची माझी मैत्रीण आणि मी व्हिडिओ कॉल सुरू ठेवतो, आवाज बंद करतो आणि आपापले काम करतो. तिच्याकडे संध्याकाळ असते आणि माझ्याकडे सकाळ. बोलणे होत नाही, पण समोर कोणीतरी काम करत बसले आहे एवढ्यानेच मी अनुवादाची फाईल उघडते. गावात सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका असेल, तर ही सोय तिथेही होऊ शकेल. तसा अनुभव कोणाला असल्यास जरूर लिहावा.